तिसऱ्या राजाचा झगा

३० नोव्हेंबर, रविवार

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि पहिल्याच रविवारी पाळकांनी माझे तीन राजे काढून घेतले.

उपासना संपल्यावर सूचना वाचतात तेव्हा निम्मी मंडळी चपला शोधत असते. मीही पर्स आवरत होते. तेवढ्यात कानावर आलं, यंदाचं नाताळचं नाटक शास्त्राप्रमाणे होईल. म्हटलं, आजवर काय कुराणाप्रमाणे होत होतं? पुढचं ऐकलं आणि पर्स तशीच उघडी राहिली. नाताळच्या संध्याकाळी फक्त मेंढपाळ. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ते ज्ञानी, आमचे राजेच, त्या दिवशी यायचेच नाहीत. ते जानेवारीच्या पहिल्या रविवारी, तेही गव्हाणीपाशी नाही, घरात. तीन नाहीत. राजे नाहीत. मुकुट नाहीत, उंट नाहीत, नावंही नाहीत.

पाळक समीर आढाव जूनमध्येच आमच्या अंबरनाथच्या चर्चमध्ये आले. तिशीचे असतील. स्वभावाने गोड आहेत, म्हणूनच जास्त राग येतो. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. संडे स्कूल आणि नाटक इतकी वर्षं मी बघते, मला आधी विचारायचं तरी!

"काकू, मत्तयाचा दुसरा अध्याय उघडा," ते म्हणाले. "तीन कुठे आहे तेवढं मला दाखवा."

मी तिथेच उघडला. दर डिसेंबरला हा अध्याय मी पोरांना मोठ्याने वाचून दाखवते. बोट ठेवून ओळ ओळ शोधली. पूर्वेकडून मागी लोक आले, एवढंच. सोनं, ऊद, गंधरस आहे. पण तीन नाही. गोठाही नाही, घर आहे. इतकी वर्षं डोळे वाचत होते एक आणि मन म्हणत होतं तीन. माझ्यासारखीला हे कधी दिसू नये म्हणजे कमालच झाली.

घरी येताना हे म्हणाले, "मी कधीचा सांगतोय. तू ऐकलंस का?" यांचं सगळं आयुष्य आनंदनगरच्या फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे, पॅटर्न, बनवण्यात गेलं. ड्रॉइंगमध्ये जे नाही ते लाकडात नाही. शास्त्राचंही तसंच. साधी आमटी पातळ झाली तरी विचारतील, शास्त्रात दाखव.

दुपारी पेटी उघडली. तिन्ही झगे होते. हिरवा, निळा आणि तिसरा जांभळा, माझ्या साखरपुड्याच्या साडीचा. आमची लेक किर्ती आठ वर्षांची होती तेव्हा तिसऱ्या राजाला मुलगाच मिळेना. होते ते सगळे लाजरे. तर ही उभी राहिली, म्हणाली, मी होते बाल्थाझार. काजळाच्या मिशा काढल्या मी तिला. मग दरवर्षी तीच. कॉलेजला गेली तरी झग्याला खाली पट्टी जोडून जोडून तीच राजा. गंधरसाचा डबा घेऊन अशी झोकात चालत यायची की मरीयासुद्धा हसायची.

झग्याचा वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा आला. दुसरा कसला येणार?


२ डिसेंबर, मंगळवार

हे बँकेत गेले तेव्हा किर्तीचा फोन. मागे तिचा सम्यक कसलीतरी झाकणं आपटत होता.

"आई, राजरत्नची बदली झाली. नागपूरला."

मी आधी म्हटलं, बरं झालं, जावयाचं प्रमोशन ना? मग खुर्चीत बसले. जानेवारीच्या मध्याला निघायचं म्हणाली.

बदलापूर म्हणजे काय हो, हाकेच्या अंतरावर. हेंद्रेपाड्यात पोरगी राहते आणि मी नातवाला अजून मांडीवर घेतलेलं नाही. फेब्रुवारीत दोन वर्षांचा होईल. लग्न रजिस्टर झालं, चर्चमध्ये झालं नाही, पोरगा बौद्ध. हे गेले नाहीत. ते तरी एक वेळ मी समजू शकते. पण बारशाला राजरत्न स्वतः घरी येऊन कार्ड ठेवून गेला, पाया पडला, तेव्हा हे हो म्हणाले होते. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली रिक्षापर्यंत उतरले, आणि तिथूनच परत वर आले. मी साडी नेसून जिन्यातच उभी. तेव्हापासून विषय काढला की एकच उत्तर, "वेळेवर गेलो नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं?"

"मी येऊन जाऊ का गं एकदा?" मी विचारलं. "यांना न सांगता. दुपारच्या दुपारी."

"नको आई." तिचा आवाज एकदम खाली गेला. "दोघं या. तू चोरून येऊन गेलीस ना, तर पप्पांना वाटेल, झालं, आपल्या घरातून कुणीतरी जाऊन आलं. मग ते कधीच येणार नाहीत. तू नाही ओळखत त्यांना."

मी नाही ओळखत! मी! पण पोरगी बोलली ते खरं आहे.

रात्री वाढताना बदलीचं सांगून टाकलं. हे खाली ताटात बघत होते. मग म्हणाले, "आमटी वाढ अजून." इतकंच. मला रडूच आलं, पण आमटी वाढली.


६ डिसेंबर, शनिवार

किर्तीच्या घरची सगळी आज दादरला गेली, चैत्यभूमीवर. सकाळी फोटो आला, तो यांच्याही समोर धरला. राजरत्नच्या खांद्यावर सम्यक, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरा रुमाल बांधलेला, हातात निळा झेंडा. किर्तीच्या सासूबाई कौसाबाई शेजारी पाण्याची बाटली धरून. फोटो मोठा करून करून बोटाने पोराच्या गालावरून हात फिरवला. काच ती काचच.

यांना टीव्हीचं वेड लागलंय. आज दुपारभर बातम्या. दादरची गर्दीच गर्दी दाखवत होते, आवाज बंद, आणि हे स्टूल ओढून पडद्याला नाक लावून बसलेले. मी म्हटलं, डोळे जातील, चष्म्याचा नंबर वाढलाय का? तर म्हणाले, हो, लांबचं दिसत नाही नीट. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर त्यालाही नाही. जेवायलासुद्धा उठले नाहीत. ताट तिथेच नेऊन दिलं.


७ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर नाटकाची मीटिंग. मी मनात सगळं घोकून गेले होते. बनूबाई माझ्या बाजूने होत्या. ऐंशीच्या पुढे गेल्यात, पण आवाज खणखणीत. "आमच्या सासूच्या वेळपासून तीन राजे हायेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय आमच्या सासूला खोटं पाडता का पाळकसाहेब?"

पाळकांनी समजावलं. भेटी तीन म्हणून पुढच्या लोकांनी माणसं तीन धरली. मग त्यांचे राजे केले, मग नावं ठेवली, मग उंट दिले. श्रद्धेनेच केलं सगळं. पण शास्त्रात तेवढं नाही.

"भेटीवरून माणसं मोजायची नसतात," हे मधेच बोलले. "आमच्या लग्नात अख्ख्या पॅटर्न शॉपने मिळून एक कपाट दिलं होतं."

सगळे हसले. मीही हसले असते, पण हे माझे ना! मी उठून सांगितलं ते मनापासून सांगितलं. म्हटलं, आमच्या नाटकात त्या एका रात्री सगळे येतात. मेंढपाळ येतात, राजे येतात, देवदूत असतातच. कुणीही मागे राहत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. शेवटच्या गीताला सगळी एका चौकटीत उभी असतात. तेवढंच बघायला मी वर्षभर थांबते.

तर हे उभे राहिले. आयुष्यात मीटिंगमध्ये कधी उभे राहिले नाहीत. हातात चष्मा. म्हणाले, हेरोद राजाने त्यांच्याकडून ताऱ्याची वेळ नीट विचारून घेतली होती. आणि मग मुलं मारायचा हुकूम काढला तो दोन वर्षांच्या आतल्यांसाठी. म्हणजे बाळ तान्हं नव्हतं. दीड-दोन वर्षांचं असेल. चालत असेल. दोन शब्द बोलत असेल. "त्यांना उशीर झाला होता," हे म्हणाले. "चांगला उशीर झाला होता. पण ते घरात गेले, आणि आत कुणी त्यांना विचारलं नाही की इतके दिवस कुठे होता. शास्त्रात तसं काही नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं."

इतक्या पोटतिडकीने बोलले की मला संतापच आला. माझ्या राजांसाठी कधी अर्धा शब्द बोलले नाहीत, आणि दुसऱ्याच्या बाजूने हे असं भाषण! बनूबाईसुद्धा मान डोलावू लागल्या. ठराव पास.

घरी आल्यावर मी बोललेच नाही. यांना ते कळलंही नाही बहुतेक.


१० डिसेंबर, बुधवार

कपड्यासाठी उल्हासनगरला गेले. कॅम्प दोनच्या त्या दुकानात दरवर्षी जाते. सिंधी काका मला बघूनच गठ्ठा काढायला लागले. "आओ बहेनजी. तीन राजा का कपड़ा ना? चमकवाला?"

"इस साल चमकवाला नहीं," म्हटलं. "सादा. शाल जैसा."

"तीन पीस?"

"तीन नहीं."

"तो कितना?"

आता काय सांगू? "मालूम नहीं," म्हटलं. "लिखा नहीं है."

काकांनी कात्री खाली ठेवली. "साईं, लिखा नहीं है तो मैं काटूं कितना?" बाजूचं गिऱ्हाईक हसलं. शेवटी मीच म्हटलं, पूरा थान दे दो, जितने लोग खड़े रहेंगे उतना काटेंगे. काका म्हणाले, ये अच्छा धर्म है, पूरा थान बिकता है.

येताना बसमध्ये मांडीवर ते जाडजूड ठाण. भुरकट रंग. किर्तीला हे सगळं सांगितलं असतं तर हसून लोळली असती. तिच्याबरोबर जायचे तेव्हा कापड तीच निवडायची, आणि मागून दाल पकवान खाल्ल्याशिवाय परतायची नाही. आज मी एकटीने खाल्ला. अर्धा टाकला.


१४ डिसेंबर, रविवार

यांनी गॅलरी बंद करून घेतली आहे. आतून घासण्याचा आवाज, फेव्हिकॉलचा वास, आणि माझ्या धुतलेल्या चादरीवर भुसा. काय चाललंय विचारलं तर म्हणे, "काम."

जेवताना एकदम विचारलं, "दोन वर्षांचं पोर किती उंच असतं गं?"

नाटकातल्या बाळासाठी स्टूल करत असणार. चर्चच्या डिकनच्या मुलीला, अक्षदाला घ्यायचं ठरलंय, दीड वर्षाची आहे. मुलगी येशू झालेली चालते, मुलगी राजा झालेली मात्र शास्त्रात बसत नाही. असो. मी म्हटलं, "सम्यकची हनुवटी टीपॉयच्या काठावर येते. व्हिडिओत दिसते."

चूक झाली असं वाटलं, नाव घ्यायला नको होतं. यांनी ताट ठेवून आमच्या टीपॉयची उंची टेपने मोजली, आणि परत गॅलरीत गेले. आमचा टीपॉय आणि तिचा टीपॉय एकच कशावरून?


१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या पाणी नाही, म्हणून सगळी भांडी भरून ठेवली. यांना बादल्या उचलायला हाक मारते तर घरात पत्ता नाही. हल्ली संध्याकाळचे फिरायला जातात, ते चांगले अंधार पडून येतात. पाय दुखतात म्हणून चर्चला रिक्षा करायला लावणारा माणूस!

आज आले तर बूट धुळीने पांढरे. म्हणाले, बदलापूर पश्चिमेला सगळा रस्ता खणून ठेवलाय, माणसाने चालावं कुठून. पेपरात आलं असेल काहीतरी. मी म्हटलं, तुम्हाला बदलापूरच्या रस्त्याचं काय पडलंय, इथे गॅलरीतला भुसा उचला आधी.

मला मात्र पडलंय. रोज पडलंय. किर्तीने सामान बांधायला घेतलं असेल. सम्यक खोक्यांत बसत असेल. मी हे असं मनात रंगवत बसते आणि दूध उतू जातं.


२४ डिसेंबर, बुधवार

नाटक झालं. चांगलं झालं म्हणतात सगळे. मेंढपाळांनी काठ्या नीट धरल्या, देवदूताचा एक पंख शेवटपर्यंत टिकला. मग शेवटचं गीत सुरू झालं आणि मी सवयीने मागच्या दाराकडे बघितलं. तिथून राजे यायचे. दार बंदच होतं.

इतकी रिकामी जागा मी स्टेजवर कधी पाहिली नाही. सगळे उभे होते आणि कुणीच आलेलं नव्हतं असं वाटत राहिलं. पाळक प्रार्थनेत म्हणाले, काही जण अजून वाटेत आहेत. छान बोलले. पण वाटेत असणाऱ्यांची वाट बघणाऱ्याला काय वाटतं ते त्यांना अजून कळायचंय. लग्न व्हायचंय त्यांचं.


२६ डिसेंबर, शुक्रवार

काल नाताळ. शेजारीपाजारी फराळाची ताटं पाठवली. दरवर्षी मी एक डबा जास्तीचा भरते, करंज्या, अनारसे आणि वर केकचा तुकडा. किर्तीचा. तो तसाच ओट्यावर राहतो आणि चार दिवसांनी आम्हीच संपवतो. वेडेपणा आहे, कळतं मला.

आज सकाळी बघते तर डबाच गायब. यांना विचारलं. म्हणाले, "खाल्ल्या मी."

"सगळ्या? आणि शुगर?"

"खाल्ल्या म्हटलं ना."

"आणि डबा?"

"असेल कुठेतरी."

माझा पारा चढला. लेकीच्या नावाचं काढून ठेवलेलं, त्यावरही हात मारावा या माणसाने? भरपूर बोलले. हे मान खाली घालून ऐकत राहिले. एरवी एकाला दोन देतात. नंतर मलाच वाईट वाटलं, सणाचे दिवस आहेत, खाल्लं तर खाल्लं. पण डबा स्टीलचा, चांगला, माझ्या आईचा होता.


३१ डिसेंबर, बुधवार

किर्तीशी बोलले. पंधराला निघणार, नक्की झालं. ट्रक बोलावलाय. मी म्हटलं, नागपूरहून दर सुट्टीला याल ना. ती हो म्हणाली, पण तो हो कसा असतो ते मला माहीत आहे. मीही माझ्या आईला तसाच म्हणायचे.

फोन ठेवताना म्हणाली, "पप्पा कसे आहेत?" म्हटलं, ठणठणीत, तुझ्या करंज्या खाऊन बसलेत. ती हसली. खूप वेळ हसली. मग म्हणाली, "त्यांना रागावू नकोस गं."

बापाचीच बाजू घेणार. लहानपणापासूनची खोड आहे.

मला नवीन वर्षाचं काही नको. एकदा त्या पोराला उचलून घ्यायचंय. वजन किती आहे ते हाताला कळू दे, एवढंच.


४ जानेवारी, रविवार

आजचं सगळं लिहिते.

सकाळी चर्चला जाताना जांभळा झगा पिशवीत घातला. का, ते विचारू नये. इतकी वर्षं मागी येतात त्या दिवशी तो माझ्याबरोबर असतो म्हणून.

स्टेजवर गोठा नव्हता. साधं घर केलं होतं, चटई, माठ, दिवा. अक्षदा आईच्या मांडीवर बसून, रडू नये म्हणून आधीच हातात दिलेलं उदाच्या डबीचं झाकण चावत होती. मग मागचं दार उघडलं आणि भुरक्या शाली पांघरलेले बाप्ये आत यायला लागले. ठरलेले होते तेवढे आले, मग आयत्या वेळी आणखी दोघं-तिघं घुसले, एकजण तर दारातच उभा राहिला. शेवटी किती होते ते मलाही सांगता येणार नाही. पाळक खूश.

हे सगळ्यांच्या मागे होते. गंधरस यांच्याकडे दिला होता आणि एकच वाक्य, हा गंधरस स्वीकारावा. अक्षदासमोर आले, गुडघ्यावर बसले. गुडघा दुखतो तरी बसले. आणि गप्प. मला वाटलं, विसरले. मी पडद्याआडून कुजबुजले, "गंधरस! गंधरस!" तर यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले,

"आम्हाला उशीर झाला."

हे वाक्य नाटकात नव्हतं. मत्तयातही नाही. काही केल्या पुढे बोलेनात. अक्षदाने हात पुढे करून यांची शाल ओढली. पेटीवाल्याला काय सुचलं, त्याने गीत सुरू केलं.

उपासना संपल्यावर मी विचारलं, "वाक्य विसरलात ना?" हे म्हणाले, "चल."

"कुठे?"

"हेंद्रेपाड्याला. आत्ता. घरी गेलो तर मी परत जिना चढेन आणि बसेन."

यांनी व्हेस्ट्रीच्या, पाळकांच्या खोलीच्या मागून एक मोठी कापडी पिशवी आणली. रिक्षात ती मांडीवर घट्ट धरून बसले. रस्ता खरोखरच खणून ठेवला होता. हे रिक्षावाल्याला सांगत होते, इथून डावीकडे घे, पुढे पाइप टाकलेत. मी यांच्याकडे बघत राहिले.

बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन खुर्चीतून उठला. यांना सलाम केला आणि म्हणाला, "आज वर जाणार ना काका?"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. धुळीचे बूट. अंधार पडल्यावर घरी येणं. मी किती मूर्ख आहे! टीव्हीसुद्धा! त्या लाखो लोकांत हा माणूस एक पांढरा रुमाल शोधत होता.

दुसरा मजला. वळणावर हे थांबले. कठडा धरला. मी म्हटलं, "शास्त्रात कुणी विचारलं नाही म्हणालात ना? मग चला."

दार कौसाबाईंनी उघडलं. ठेंगणी बाई, केसांना तेल, पदर खोचलेला. आमच्याकडे बघितलं, आणि जणू आम्ही दर रविवारी येतो अशा आवाजात म्हणाल्या, "जय भीम. या, या, आत या. चपला राहू द्या तिथंच." हे आमच्या मंडळीतल्यासारखं म्हणाले, "सलाम." "किर्ती," त्या आत बघून म्हणाल्या, "चहा ठेव गं, तुझे आई-पप्पा आले." बस. एवढंच. इतके दिवस कुठे होता, कुणी विचारलं नाही.

किर्ती आतून आली. ओला हात तसाच. बारीक झालीये. तिच्या साडीला धरून मागे सम्यक. यांना बघून तिने तोंडावर हात ठेवला. मग यांच्या छातीवर डोकं टेकवलं, आणि हे तिच्या पाठीवर नुसता हात आपटत राहिले. यांना कधी जमलंच नाही ते.

खोली खोक्यांनी भरली होती. सम्यक टीपॉयमागे जाऊन लपला आणि वरून बघायला लागला. त्याची हनुवटी काठाच्या चांगली वर होती. तो व्हिडिओ जुना होता. मधल्या दिवसांत पोरगा वाढला आणि मी तिथे नव्हते. ते एक मला आज सगळ्यांत जास्त लागलं.

यांनी पिशवीतून उंट काढला. सागवानी, चाकांवरचा, मान हलणारा, पाठीवर बसायला खोगीर. पॉलिश असं की बोट घसरावं. गळ्यात लहानसा घुंगरू.

"शास्त्रात उंट कुठाय?" मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"नाहीये," हे म्हणाले. "मग पोराला काय मत्तय वाचून दाखवू?"

कौसाबाई खो-खो हसल्या. सम्यक टीपॉयमागून बाहेर आला, उंटाच्या नाकात बोट घातलं, मग यांच्या. खोगीर त्याला अगदी बेताचं बसलं, उंट मात्र थोडा बुटकाच पडला. हे म्हणाले, पाय लावून देतो, उद्या येतो. उद्या येतो! मी ऐकलं ते.

चहाबरोबर कौसाबाईंनी फरसाणाचा डबा आणला. माझ्या आईचा. मी डब्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. हे खिडकीबाहेर बघत होते. "नाताळला खाली वॉचमनपाशी ठेवून गेले," कौसाबाई म्हणाल्या. "नाव नाही सांगितलं, पण वरून दिसलं ना. ही धावत निघाली होती. मी म्हटलं, नको. माणूस एकेक पायरी चढतोय, हाक मारलीस तर उतरून जाईल. येऊ दे त्याचा तो."

मी किर्तीकडे बघितलं. म्हणून हसत होती ती फोनवर.

मग मी सम्यकला उचललं. त्याने उचलू दिलं. जड आहे. चांगला जड आहे. मी खूप वेळ खाली ठेवला नाही, तो ठेवा ठेवा करत होता तरी.

निघताना पिशवीतला झगा किर्तीने पाहिला. "अजून आहे हा?" म्हणाली, आणि अंगावर घेतला. काखेत शिवण उसवली. मग सम्यकला त्यात गुंडाळलं, नुसते डोळे बाहेर. तो काढू देईना. तसाच उंटावर बसला. आम्ही जिना उतरलो तरी वरून घुंगरू वाजत होता.

येताना रिक्षावाल्याने खणलेला रस्ता टाळून दुसऱ्याच वाटेने आणलं. घर आलं तेव्हा हे म्हणाले, "आमटी कर आज. पातळ झाली तरी चालेल."


१८ जानेवारी, रविवार

ती गुरुवारी गेली. आम्ही रोज जात होतो तोवर. यांनी उंटाला पाय लावून दिले. ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी उंट चढवला, सम्यक रडत होता म्हणून मग परत काढून गाडीत त्याच्यापाशी दिला. ट्रक वळला, मग गाडी वळली. हे रस्त्यावर उभेच. मी हात धरून आणलं.

आता संध्याकाळी हे फिरायला जात नाहीत. गॅलरीत झाडलोट करून झाली. घर इतकं स्वच्छ आहे की बघवत नाही. पूर्वीही ती नव्हतीच, पण तेव्हा हाताला वजन माहीत नव्हतं.

आज चर्चमध्ये नाटकाचं सामान आवरायचं होतं. शाली घड्या करून ठेवल्या, उदाच्या डबीचं चावलेलं झाकण वेगळं ठेवलं. पाळक मदतीला आले. शाली भरायला घरून आणलेल्या पेटीत जुने झगे बघून म्हणाले, "हे टाकू नका हं काकू, असू देत. मुलांना आवडतात." मग वाकून बघितलं. "दोनच? तीन होते ना?"

"तीन?" मी म्हटलं. "कुठे लिहिलंय तसं? दाखवा मला."

ते हसत सुटले. मी पेटी लावून घेतली. तिसरा नागपूरला गेलाय. रात्री सम्यक त्याच्याशिवाय झोपत नाही म्हणे.